लढाई आणि ताट : ज्येष्ठांच्या इतिहासवर्गाबद्दल

पुरवठा खात्यात गोदामपाल म्हणून नोकरी केली. त्यामुळे लढायांवरचं कुठलंही व्याख्यान ऐकताना माझ्या मनात एकच प्रश्न असतो : एवढी माणसं खात काय होती? तोफा आणि हत्ती सगळे सांगतात, धान्याचं कुणी बोलत नाही. आमच्या भागातल्या वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये साठीपुढच्यांसाठी लढाया आणि रोजचं जेवण या विषयावर वर्ग चालतो. शनिवारी सकाळी दीड तास, महिन्याला तीनशे रुपये. पहिल्याच तासाला शिकवणाऱ्या बाईंनी माझाच प्रश्न फळ्यावर लिहिला. मी पूर्ण सत्राची फी तिथेच भरली.

सगळ्यांत सरस तास पानिपतचा. ऑक्टोबर १७६० मध्ये सदाशिवराव भाऊसाहेबांनी यमुनेकाठचा कुंजपुऱ्याचा किल्ला घेतला आणि तिथला मोठा धान्यसाठा हाती लागला. पण त्याच महिन्यात अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून मराठे आणि दिल्ली यांच्यामध्ये येऊन बसला. दक्षिणेकडची वाट बंद. फौजेबरोबर बायका, यात्रेकरू, बाजारबुणगे. दुआबात, म्हणजे गंगा-यमुनेमधल्या मुलखात, शत्रूची रसद मारणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. इथे थांबून बाईंनी आम्हाला हिशेब करायला लावला : माणशी रोज अर्धा किलो धान्य धरा आणि समजा माणसं एक लाख. उत्तर येतं पन्नास टन, म्हणजे क्विंटलची पाचशे पोती. पाचशे पोत्यांची थप्पी केवढी असते, ती लावायला किती हमाल लागतात, हे मला ठाऊक आहे. तेवढं धान्य रोज हवं, घोड्यांचा दाणा वेगळा, आणि हे नोव्हेंबरपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत! उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं सैनिकांनी भाऊंना सांगितल्याचं अब्दालीच्या बाजूचा अवधचा नवाब शुजाउद्दौला याच्या पदरी असलेल्या काशीराज पंडितांनी लिहून ठेवलंय. १४ जानेवारी १७६१ ला मैदानात उतरलेली फौज मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसली. भाऊंनी थांबायला हवं होतं, असं म्हणणाऱ्यांनी हा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडावा.

जेवणाच्या बाजूला साबुदाण्याच्या खिचडीचा तास फार गाजला. कसावा (ज्या कंदापासून आपला साबुदाणा होतो तो), बटाटा, शेंगदाणा, मिरची, चारही मुळात अमेरिका खंडातली. "मग महाराजांच्या काळात उपासाला काय खायचे हो?" असं एका आजींनी काळजीने विचारलं. वरई, शिंगाडा, दूध, फळं, असं उत्तर मिळालं आणि तिखटाला मिरीही होतीच. शिवाय साबुदाण्यामागेही लढाई आहे. पूर्वी तो मलायाकडून यायचा. फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानने सिंगापूर घेतलं, आवक तुटली आणि तमिळनाडूतल्या सेलमकडे कसावापासून साबुदाणा करायला सुरुवात झाली. त्याच वर्षी ब्रह्मदेश गेला, तिथला तांदूळ थांबला, आणि पुढच्या वर्षी मुंबईत रेशनिंग आलं. ज्या खात्याने माझं घर चालवलं, त्याचा उगम मला निवृत्तीनंतर इथे कळला.

१९६५ च्या युद्धाच्या तासाला बाई जवळजवळ गप्पच होत्या. शास्त्रीजींनी आठवड्यातलं एक जेवण, सोमवारी रात्रीचं, सोडायला सांगितलं होतं. अमेरिकेने गव्हाबाबत हात आखडता घेतला होता. एवढं सांगून त्यांनी विचारलं, "तुमच्या घरी काय झालं?" दादरच्या चाळीत वाढलेल्या एक ताई म्हणाल्या, सोमवारी आई स्टोव्ह पेटवायचीच नाही, धाकट्याला तेवढं कपभर दूध. बीडकडच्या एका काकांनी रेशनवरच्या लाल मिलोची (परदेशी लाल ज्वारीची) भाकरी हातांनी थापून दाखवली. ती कडेने कशी तडकायची आणि आई गरम पाण्याने कशी सांधायची, ते दाखवताना त्यांची बोटं आपोआप फिरत होती. बाई ते सगळं वहीत उतरवून घेत होत्या. तरुण मुलांच्या वर्गात हे होणार नाही.

आता उणिवा. हॉल पहिल्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, जिन्याचा कठडा एकाच बाजूला. पडद्यावरची अक्षरं मागच्या रांगेतून वाचता येत नाहीत, जुने नकाशे तर मुळीच नाहीत. माइक घुमतो. पेशवाईतल्या पंगतींचा तास नुसती पक्वान्नांची यादी वाचण्यात गेला. ते धान्य, तूप, गूळ कुठून आणि कोणत्या भावाने आलं, ते मला हवं होतं. गोव्याचं नाव मिरचीपुरतंच निघालं. प्रश्नांना दहा मिनिटं फार कमी पडतात, कारण आमच्या वयाची माणसं प्रश्न विचारण्याआधी चार गोष्टी सांगतात, आणि त्या ऐकण्यासारख्या असतात.

सनावळ्या पाठ करायच्या असतील तर हा वर्ग तुमच्यासाठी नाही. घरात कोठी सांभाळली असेल, दुकान चालवलं असेल किंवा रेशनच्या रांगेत उभे राहिला असाल, तर जरूर या. पुढच्या सत्रात पन्हाळ्याच्या अंबरखान्याची सहल आहे. गंगा, यमुना, सरस्वती ही तिथली धान्यकोठारं बघायची आहेत. नावनोंदणी वाचनालयाच्या खिडकीवर संध्याकाळी होते. मागच्या बाजूला बसायचं नसेल तर शनिवारी पंधरा मिनिटं आधी पोचा.