2019 ची म्हणून घेतलेली 2018 ची पिकअप: अकरा महिने, 23 हजार किलोमीटर

महिंद्रा बोलेरो पिकअप, 1.7 टन, बीएस 4 (धुराच्या प्रदूषणाच्या सरकारी नियमांचा चौथा टप्पा), पॉवर स्टिअरिंग, एसी नाही. डिसेंबर 2024 मध्ये घेतली तेव्हा मीटर 1,12,400 वर होता, आज 1,35,800. आमचं गाव अंबड तालुक्यात. घरची मोसंबी, थोडं आलं, आणि आपला माल नसला की भावकीतल्यांची भाडी. जालन्याचा मोंढा, संभाजीनगरची जाधववाडी, अधूनमधून बीड, आणि दोनदा वाशी. एवढ्या वापरावर जे कळलं ते लिहितोय. नवी गाडी घ्यायची ऐपत असती तर यातलं निम्मं कळलंच नसतं.

आमच्याकडं जुन्या गाडीचा भाव एका प्रश्नावर ठरतो: "मॉडेल कितीचं?" मला विकणाऱ्यानं छातीठोकपणे सांगितलं, "एकोणीसचं." खोटं नव्हतं. आरसीवर नोंदणी मार्च 2019 चीच होती. पण त्याच आरसीवर खाली गाडी बनल्याचा महिना छापलेला असतो, तो निघाला नोव्हेंबर 2018. मिस्त्री चाचांना सोबत नेलं होतं. त्यांनी कागद वाचलाही नाही, बॉनेट उघडून चेसी नंबरावर बोट टेकवलं. "दहावं अक्षर बघ भाऊ. जे आहे ना? मग अठराची." जे म्हणजे 2018, के 2019, एल 2020, मधलं आय अक्षर वापरत नाहीत. या एका अक्षरावर पंचवीस हजार उतरले. 5.85 लाख सांगितले होते, थोडी आणखी ओढाताण होऊन 5.55 ला सौदा मिटला.

त्याआधी दोन गाड्या पाहिल्या होत्या. पहिली 2016 ची, बीएस 3, 3.60 लाखांना. एप्रिल 2017 पासून देशभर बीएस 4 आलं. त्याआधीच्या पिकअपमध्ये बहुतेक साधा डिझेल पंप असायचा, नंतरच्यांत संगणकावर चालणारी कॉमन रेल डिझेल यंत्रणा. चाचांना ती पहिलीच पसंत होती. "ही बिघडली तर मी शेतात येऊन चालू करीन, ती बिघडली तर लॅपटॉपवाला शोधावा लागेल," असं त्यांचं म्हणणं. चूक काहीच नव्हतं. पण मालवाहू गाडीला पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी पासिंग (आरटीओची तंदुरुस्तीची तपासणी) असतं आणि पुढं दरवर्षी. सोळाची गाडी चोवीसमध्ये घेतली की दरवर्षी आरटीओची वारी ठरलेली. आमच्या घरच्या अण्णांना आणखी एकानं भरवून दिलं होतं की डिझेल गाडी दहा वर्षांनी भंगारात जाते. तो नियम दिल्ली परिसरातला आहे, जालन्यातला नाही. पण त्यामुळं दोन दिवस घरात वाद झाला, ते वेगळं.

दुसरी 2021 ची, बीएस 6, एसी, 7.40 लाख. रंग चकाचक, मीटर 58 हजार. मला मोह झाला होता, खोटं का बोलू. चाचांनी क्लचच्या पेडलवरचं रबर अंगठ्यानं घासलं, ते पार गुळगुळीत. मग टायर पाहिले. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. चारही टायर 2024 चे. अठ्ठावन्न हजारांत मूळ टायर जाऊन दुसरे नवेकोरे? बदलले असतीलही, पण गुळगुळीत पेडल आणि नवे टायर एकत्र आले की मीटरवर विश्वास बसत नाही. सर्व्हिसची नोंद मागितली तर "पावत्या घरी आहेत" म्हणाला. आम्ही चहा पिऊन उठलो.

बीएस 6 मला तशीही जड गेली असती. या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरच्या मार्गात काजळी अडवणारा फिल्टर असतो. अडकलेली काजळी जळून जायला गाडी अधूनमधून वेगात, सलग पळावी लागते. आमचं काम म्हणजे मळा ते मोंढा, तीसेक किलोमीटर, त्यातले पाच पांदणीतून रांगत. ज्याचा माल रोज समृद्धीवरून जातो त्यानं खुशाल बीएस 6 घ्यावी.

आता टनाचं. पिकअपमध्ये कारसारखे एलएक्स-झेडएक्स प्रकार मनावर घेऊ नका. इथं खरं मॉडेल म्हणजे 1.3 की 1.7, आणि हौदा (मागचा माल भरायचा भाग) कंपनीचा की बाहेर बांधलेला. मोसंबीचा भरलेला क्रेट आमच्याकडं साधारण 22 किलोचा. 1.7 टनात 77 क्रेट बसतात, 1.3 मध्ये 59. अठरा क्रेटचा फरक. हंगामात रोज एक खेप धरली तर चार दिवसांत एक अख्खी खेप वाचते. उलट बाजूही आहे. आरसीवर एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, 1.7 टनवाली त्या रेषेच्या वर जाते. फक्त घरचा माल असता तर मी 1.3 घेतली असती. भाडी मारायची होती म्हणून 1.7.

हौद्याकडं लोक बघतच नाहीत. नुसती केबिन-चेसी घेऊन बाहेर लोखंडी बॉडी बांधलेली गाडी दिसायला दणकट असते, पण बॉडीचं प्रत्येक जादा किलो मालातून वजा होतं. मी पाहिलेल्या एका गाडीला फाळके (हौद्याच्या उघडणाऱ्या कडा) इतके जाड पत्र्याचे की एका माणसाला उघडता येईनात. आरसीवर रिकाम्या गाडीचं वजन छापलेलं असतं. शक्य असेल तर काट्यावर चढवून ताडून बघा, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे. माझ्या गाडीला कंपनीचाच हौदा आहे, तळ दोन ठिकाणी दबलाय, त्यावर प्लायवूड टाकलंय.

टाटाच्या योद्धा आणि इंट्रा, अशोक लेलँडची दोस्त यांचाही विचार केला होता. दोस्त चालवायला हलकी, वळवायला सोपी. पण तिला दीड लिटरचं तीन सिलिंडर इंजिन, आणि बोलेरोला 2523 सीसीचं चार सिलिंडर. अंबडमध्ये रात्री आठलाही बोलेरोचे पार्ट मिळतात, यावर माझा निर्णय झाला.

आता वापर. भरलेली गाडी साडेअकरा-बाराचं ॲव्हरेज देते, रिकामी चौदाच्या आसपास. पॉवर स्टिअरिंगला पैसे देताना कुरकुर केली होती. आता मोंढ्यात आडत्याच्या दारात मागं घेताना रोज वसूल होतात. एसी नाही याचं दुःख एप्रिल-मे दोन महिने. बारा व्होल्टचा पंखा बसवला, तो गरम हवा एका जागेवरून दुसऱ्या जागेवर नेतो एवढंच. तरीही जुन्या गाडीत एसीसाठी जास्तीचे पैसे देऊ नका असं म्हणेन, निदान तो दुपारी दोन वाजता अर्धा तास लावून पाहिल्याशिवाय.

एप्रिलमध्ये आल्याचं बेणं घेऊन चौसाळ्याकडं निघालो होतो. बीड ओलांडलं, पाली गेली आणि मांजरसुंब्याच्या घाटात तिसऱ्या गिअरला इंजिन ओरडायला लागलं, गाडी मात्र तिथंच. केबिनमध्ये जळक्या वासाचा भपका. क्लच. बाजूला घेतली, अर्धा तास थंड केली, दुसऱ्यावर कशीबशी वर काढली. बीडात काम केलं. प्लेट, प्रेशर प्लेट, बेअरिंग आणि मजुरी धरून 11,200. प्लेट काढली तेव्हा रिव्हेटची डोकी उघडी पडली होती. मिस्त्रीनं मग खाली वाकून मागचे पाटे (भार झेलणाऱ्या स्प्रिंगच्या पट्ट्या) मोजले आणि हसायला लागला. मूळच्यापेक्षा एक पाटा जास्त होता. म्हणजे आधीच्या मालकानं 1.7 च्या गाडीत किती घातलं असेल, याचा हिशेब तुम्हीच करा. हा जादा पाटा मी घेताना पाहायला हवा होता. चाचांनाही दिसला नाही, नंतर विचारलं तर म्हणाले, "माती लागली होती रे." खरं असेल. जून संपायच्या आत एका बाजूचा मुख्य पाटा तुटला, बुशसकट 7,400. यात कंपनीचा काही दोष नाही, सगळी आधीच्या ओझ्याची थकबाकी आहे.

म्हणून गाडी बघायला जाताना एक बादली पाणी आणि ब्रश घेऊन जा. मागचे पाटे धुवा, मोजा, दोन्ही बाजूंची कमान सारखी आहे का बघा, आणि चेसीला कुठं वेल्डिंग मारलंय का ते हात फिरवून पाहा. विकणारा हसेल. हसू द्या.

कागदांनी जास्त छळलं. "पासिंग आहे" असं सांगितलं होतं. होतंच, तीन महिन्यांचं! मार्च 2025 मध्ये सहा वर्षं भरली आणि रंग, रिफ्लेक्टर पट्ट्या, लाइट असं करत 9,000 माझे गेले. गाडी 1 एप्रिल 2019 च्या आधीची, त्यामुळं नवी हाय सिक्युरिटी नंबरपाटीही मलाच बसवावी लागली, 745 रुपये अधिक जीएसटी. त्या तारखेनंतर बनलेली असती तर पाटी कंपनीकडूनच आली असती. फायनान्सवाल्याचं कर्ज फिटल्याचं पत्र हातात होतं, पण आरटीओच्या नोंदीत कर्जाचा बोजा तसाच, आणि त्यावर ओव्हरलोडचं एक चलान थकलेलं. बोजा आणि चलान मिटेपर्यंत गाडी नावावर होईना. विकणारा फोन उचलेना. शेवटी मी पन्नास हजार मागं ठेवले होते म्हणून तो स्वतः आरटीओत आला. ते पन्नास हजार मागं ठेवायची अक्कल अण्णांची. फॉर्म 29, 30 आणि बोजा उतरवायचा 35, तिन्हींवर सही झाल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. थर्ड पार्टी विम्याचा मूळ हप्ता या वजनगटात मी घेतली तेव्हा 16,049 रुपये होता, तोही सौद्याच्या हिशेबात धरा. संपत आलेला विमा म्हणजे तेवढी गाडी महाग.

धाकट्याच्या लायसनवरून एका एजंटानं पैसे उकळायचा प्रयत्न केला. 6 नोव्हेंबर 2024 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलंय की साध्या एलएमव्ही (हलक्या वाहनाच्या) लायसनवर 7500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते. हे ऐकवल्यावर तो गप्प.

पावसाळ्यात रिकामी पिकअप काळ्या मातीत म्हणजे निव्वळ गाढव. ताकद मागच्या चाकांना आणि वजन सगळं पुढं. चाकं जागेवर फिरतात, माती लिंपून टायर गुळगुळीत चेंडू होतात. आता जूनपासून हौद्यात मागच्या एक्सलवर मातीची दोन पोती कायम असतात. जालन्याहून रिकामं येतानाही उतरवत नाही.

आज घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी बदलल्यात. मी घेतली तेव्हा नव्या मालवाहू गाडीवर 28 टक्के जीएसटी होता, 22 सप्टेंबर 2025 पासून तो 18 झाला. नवीचा भाव उतरला तर जुनीचाही उतरायला हवा. डीलर आपणहून सांगणार नाही. दुसरं, त्याच सप्टेंबरात गोदावरी, सिंदफणा, सीना, मांजरा सगळ्यांना पूर आला आणि किती गाड्या पाण्यात उभ्या होत्या हे आपण पाहिलंय. त्या आता धुऊन बाजारात येणार. सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा, आतल्या भागावर गाळाची रेघ असते. तिथपर्यंत कुणी धूत नाही. सीटखालची पट्टी आणि फ्यूजच्या डब्यातले स्क्रू गंजलेत का तेही बघा.

क्लच, पाटे, पासिंग आणि मागचे दोन टायर मिळून 41,200 गेले. ऑइल-फिल्टर वेगळं. इंजिनला अजून पाना लावावा लागलेला नाही. गेल्या आठवड्यात शेजारच्या गावच्या एकानं पाच लाखांना मागितली. पहिला प्रश्न तोच, "मॉडेल कितीचं?" मी म्हटलं, "अठराचं, नोंद एकोणीसची." तो जरा गोंधळला. अण्णा आतूनच ओरडले, मृगाची मोसंबी निघेपर्यंत गाडी विकायची नाही.