ईआरपीनेक्स्ट: कळंगुट-मडगावच्या हॉटेलवाल्यांसाठी

खोल्या, रेस्टॉरंट आणि बार एकाच छताखाली चालवणाऱ्यांना हिशेब, साठा, पगार सगळं एकत्र सांभाळणारं हे सॉफ्टवेअर मनापासून सुचवावंसं वाटतं. परवाना मोफत, माणसागणिक फी नाही. खर्च सर्व्हरचा आणि बसवणाऱ्याचा. आवृत्ती 14 पासून पगार-हजेरी आणि जीएसटी हे भाग वेगळे अ‍ॅप झालेत, त्यामुळे हवं तेवढंच घेता येतं. हिशेब, साठा आणि जीएसटी आधी लावा, पगार नंतर.

खरी कसोटी लागते ती कराच्या हिशेबात. दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीला 5 टक्के जीएसटी, त्यावर 18. सॉफ्टवेअरमध्ये खोलीच्या आयटमच्या कर-तक्त्यात किमान-कमाल भाडं भरून दोन ओळी करा, म्हणजे सीझनला भाडं चढलं की कर आपोआप बदलतो. फेणी-बियर जीएसटीत येतच नाही, तिथे व्हॅट, म्हणजे राज्याचा कर. म्हणून बारसाठी वेगळं कर-टेम्प्लेट आणि वेगळी बिल-मालिका ठेवा, नाहीतर रिटर्न भरताना आकडे जुळत नाहीत.

घोळ बहुतेक वेळा एकाच ठिकाणी होतो: बसवणारा मूळ कोडमध्येच हात घालतो आणि पुढच्या अपडेटला सगळं अडतं. बदल मूळ कोडला न शिवता स्वतंत्र कस्टम अ‍ॅपमध्येच हवेत, ही अट करारातच घाला. बॅकअप घेताना ‘विथ-फाइल्स’ हा पर्याय द्या, तो नसेल तर जोडलेली बिलं बॅकअपमध्ये येत नाहीत.

मोठी उणीव म्हणजे सर्व्हर हॉटेलबाहेर इंटरनेटवर असेल तर नेट गेलं की काउंटर थांबतं. पावसाळ्यात वीज जातेच, तेव्हा राउटरला यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं सिम हवंच.