येलो बोर्ड की काळा बोर्ड : अस्मानी कुणाच्या खात्यावर?

बेळगावातून सावंतवाडी, गोवा नाहीतर कोल्हापूर गाठायचं आहे आणि स्वतःची गाडी नाही, किंवा आहे पण जुलैत चोर्ला घाटात घालायला मन होत नाही. अशा वेळी दोन सरळ वाटा असतात. एक, ॲपवरून बुक करून स्वतः चालवायची काळ्या बोर्डाची, म्हणजे काळ्या नंबरप्लेटवर पिवळ्या अक्षरांची, भाड्याची गाडी. दुसरी, ड्रायव्हरसकट येलो बोर्ड, म्हणजे पिवळ्या नंबरप्लेटची टॅक्सी. किलोमीटरचा दर, डिपॉझिट, बाटा (ड्रायव्हरचा भत्ता) याचं गणित तुम्ही मांडलंच असेल, त्यात मी पडत नाही. मला बोलायचंय ते एवढ्यावरच की गारा पडल्या, फांदी कोसळली, इंजिनात पाणी शिरलं, तर पैसे कुणी भरायचे. दोन्ही प्रकार मी वापरले आहेत आणि दोन्हींत पाऊस भेटला आहे.

काळ्या बोर्डाचं आधी सांगतो, कारण माझं दुखणं तिथलं आहे.

मे महिन्यात सावंतवाडीला बारसं होतं. संध्याकाळी सात वाजता गाडी ताब्यात घेतली. नुकताच वळीव झोडपून गेला होता, रिपरिप चालूच होती, उजेड म्हणजे मोबाइलचा टॉर्च. मी पोक्त माणूस, चारी बाजूंनी चोवीस फोटो काढले. तिसऱ्या दिवशी भर उन्हात गाडी परत दिली. घेणारा मुलगा बॉनेटला गाल लावल्यासारखा वाकला, तिरक्या उजेडात बघत राहिला आणि बोटानं मोजायला लागला. अकरा खळगे. गारांचे. समोरून बघितलं तर एकही दिसत नव्हता. त्याच्या शेजारी वाकलो तेव्हा सगळे दिसले.

माझ्या दोन दिवसांत गारा कुठंच पडल्या नव्हत्या. बेळगावात त्या पडल्या गाडी घ्यायच्या आदल्या दिवशी, आणि तेव्हा ही गाडी त्यांच्याच उघड्या आवारात उभी असणार. मी फोटो उघडून दाखवायला गेलो तर चोवीसच्या चोवीस फोटोंत बॉनेटभर पाण्याचे थेंब. थेंब कुठला आणि खळगा कुठला, मलाच ओळखेना. डिपॉझिटमधून साडेतीन हजार कापले. रक्कम मोठी नाही, मान्य. पण जी गार मी डोळ्यांनी बघितली नाही तिचे पैसे मी भरले, हे अजून गिळवत नाही.

नंतर थोडं वाचलं. १८७२ च्या करार कायद्यात कलम १५१ आणि १५२ अशी दोन कलमं आहेत. दुसऱ्याची वस्तू तुमच्या ताब्यात असेल तर शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी तुम्ही घ्यायची. तेवढी घेतली असेल तर नुकसानीला तुम्ही जबाबदार नाही. म्हणजे अस्मानी आली तर ती मालकाची. ऐकायला छान वाटतं. पण १५२ मध्येच एक पाचर आहे : वेगळा करार नसेल तर. आणि ॲपवर आपण खाली खाली सरकवत ‘मान्य’ दाबतो तो नेमका वेगळा करार असतो. बहुतेक ठिकाणी त्यात लिहिलेलं असतं की गाडी ताब्यात असताना झालेलं नुकसान अमुक रकमेपर्यंत भाडेकरूचं, मग कारण काहीही असो.

‘गाडीला विमा आहे की’ असं आपण म्हणतो. असतो. नुसता थर्ड पार्टी नसून गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचाही विमा असेल तर त्यात पूर, वादळ, गारा, वीज, दरड हे सगळं येतं, आणि पॉलिसी भारतभर चालते, त्यामुळे शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेलात म्हणून काही बिघडत नाही. पण क्लेम केला की मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, जातो. पाच वर्षं क्लेम नसेल तर हा बोनस ५० टक्क्यांपर्यंत चढलेला असतो. शिवाय प्रत्येक क्लेममध्ये पहिला वाटा खिशातूनच भरायचा असतो, आणि प्लास्टिक-रबराच्या भागांना, झीरो डेप (घसारा न कापणारं जादा कव्हर) नसेल तर, निम्मीच किंमत मिळते. मग तीन-चार हजारांसाठी विमा कंपनीकडे जाण्यापेक्षा भाडेकरूच्या डिपॉझिटला हात घालणं मालकाला सोपं. त्याच्या जागी मी असतो तर मीही कदाचित तेच केलं असतं.

आता येलो बोर्ड. पुढच्याच जुलैत त्याच सावंतवाडीला, वडगावातल्या एका मालकाची गाडी केली. पाटणे फाटा सोडून आंबोलीच्या बाजूला निघालो आणि वाऱ्यानं एक फांदी पुढच्या काचेवर आली. काच फुटली नाही, पण मधोमध कोळ्याचं जाळं उमटलं. ड्रायव्हर उतरला, बघितलं, मालकाला फोन लावला. मालकानं मला फोन द्यायला सांगितलं. मी घाबरून घेतला, म्हटलं आता हिशेब. तो म्हणाला, “साहेब, कुणाला लागलं न्हाई न्हवं? मग बसा तिथंच, दुसरी गाडी लावतो.” पाऊण तास म्हणाला होता, गाडी दोन तासांनी आली. तोवर आम्ही एका टपरीवर भजी खात बसलो. काचेचा एक रुपया माझ्याकडं मागितला नाही.

हा काही त्याचा मोठेपणा नव्हे. मोठेपणा होता तो विचारपूस केली त्यात. काचेचा हिशेब सरळ आहे : ड्रायव्हर त्याचा, म्हणजे गाडी त्याच्याच ताब्यात. मी फक्त मागे बसलेलो.

आणि खरी महागडी गोष्ट काच नव्हेच, पाणी आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ आणि २०२१ च्या जुलैमध्ये यमगर्णीजवळ हायवे पाण्यानं बंद पडला होता, तो निपाणी-कोल्हापूरकडं जाणारा कुणी विसरलेला नाही. गाडी पाण्यात बंद पडली आणि कुणी पुन्हा स्टार्टर मारला तर पाणी सिलिंडरमध्ये दाबलं जातं, कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या पॉलिसीत विमा कंपनी त्याला पुराचं नुकसान न मानता तुमच्या चावी फिरवण्याचं मानते; इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन, म्हणजे इंजिनासाठीचं जादा कव्हर, नसेल तर ते बिल कुणाच्या तरी खिशातून जातं. काळ्या बोर्डात तो खिसा तुमचा असायची शक्यता जास्त. येलो बोर्डात पाण्यात घालायची की नाही हे ठरवणारा ड्रायव्हर असतो. मागे एकदा रस्त्यावर गुडघाभर पाणी बघून आमच्या ड्रायव्हरनं न विचारताच गाडी वळवली. पस्तीस किलोमीटरचा वळसा पडला. मी तेव्हा कुरकुरलो.

तिसरी वाट तुम्हाला कुणीतरी सुचवेलच : मित्राच्या मित्राची व्हाइट बोर्ड, म्हणजे पांढऱ्या नंबरप्लेटची खासगी गाडी, दिवसाला हजार रुपये कमी. खासगी पॉलिसीत भाड्यानं द्यायला मनाई असते. क्लेम नाकारला की गाडीही जाते आणि ओळखही. यावर जास्त लिहीत नाही.

येलो बोर्डचे त्रास आहेतच. मुक्काम केला की नाइट हॉल्ट लागतो, दिवसाचे ठरावीक किलोमीटर फिरा न फिरा भरावे लागतात, आणि नवरा-बायकोला घाटात भांडायचं असलं तरी पुढे एक माणूस बसलेला असतो. ड्रायव्हरला भूक लागेल तिथंच आपलं जेवण. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, आकाश निळं असताना, गोव्यात चार दिवस फिरायचं असेल तर मी स्वतःसुद्धा काळा बोर्ड घेईन. तुमचं गणित वेगळंही असू शकेल.

पण वळवापासून दसऱ्यापर्यंत मी तरी घेत नाही. तुम्ही घेणारच असाल तर पॉलिसीची प्रत मागा, त्यात इंजिन प्रोटेक्ट आहे का बघा, आणि गाडी दुरुस्तीला उभी राहिली तर त्या दिवसांचं भाडं कुणी भरायचं हे व्हॉट्सॲपवर लिहून घ्या. आणि घरून एक जुनं सुती कापड न्या. बॉनेट आणि टप कोरडं पुसायचं, गाडी पेट्रोल पंपाच्या पांढऱ्या लाइटखाली न्यायची, वाकून आडवा व्हिडिओ काढायचा. गाडी देणारा पोरगा घड्याळ बघत उभा राहील. राहू दे.