वर्षातून एकदा फुकट मिळणारा क्रेडिट रिपोर्ट: माझा अनुभव

मार्चमधली गोष्ट. रात्री पावणेआठला फोन आला तेव्हा तवा चालू होता आणि सहा डबे भरायचे राहिले होते. सांगलीत मारुती चौकाच्या बाजूला माझं चपाती-भाजी केंद्र आहे. पलीकडचा माणूस यांचं पूर्ण नाव घेऊन बोलला, स्कूटरचा नंबरही बरोबर सांगितला. म्हणाला, "मॅडम, तुमच्या मिस्टरांचं गाडीचं कर्ज बंदच झालेलं नाही. शेवटचे चार हप्ते आणि दंडव्याज धरून ४८,६०० निघतात. जामीनदार म्हणून सही तुमची आहे. मार्च एंड आहे, आज १४,५०० भरा, सेटलमेंट करून फाईल बंद करतो. नाहीतर उद्या दुकानावर माणसं येतील."

हे २०२३ मध्ये गेले. स्कूटरचं कर्ज होतं हे खरं, मी सही केली होती हेही खरं. कर्ज फिटल्यावर मिळालेला बेबाकी दाखला घरात होता, पण २०२१ च्या जुलैतल्या पुरात खालच्या कपाटातले सगळे कागद गेले. त्यामुळे त्या माणसाला "खोटं बोलताय" असं मला ठामपणे म्हणता येईना. रात्रभर मनात एकच. लॉकडाऊनच्या वर्षात यांनी शेवटचे हप्ते खरंच भरले असतील का? की मला काळजी नको म्हणून सांगितलंच नसेल? गेलेल्या माणसाबद्दल असा संशय मनात आला, याचा त्रास मला त्या धमकीपेक्षा जास्त झाला.

सकाळी व्हॉट्सॲपवर "कोर्टाची नोटीस" आली, वर सिंहांची राजमुद्रा, खाली क्यूआर कोड. कोड एका माणसाच्या नावाचा होता, कंपनीचा नाही. माझा पुतण्या म्हणाला, "काकू, एक रुपया पाठवू नको. आधी तुझा क्रेडिट रिपोर्ट काढू."

आता ज्याबद्दल लिहायला बसले ते. आपण बँकेकडून किंवा वित्तकंपनीकडून घेतलेल्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या चार कंपन्या देशात आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार २०१७ पासून या प्रत्येकीने दर कॅलेंडर वर्षात एक पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा आहे. म्हणजे वर्षाला चार. मला हे माहीतच नव्हतं. आपण आपला रिपोर्ट पाहिल्याने स्कोअर, म्हणजे कर्जफेडीवरून आपल्याला मिळणारे गुण, कमी होत नाही, हेही तेव्हाच कळलं.

त्यातल्या एकीचा आम्ही काढला. पॅन, जन्मतारीख, मोबाईलवर आलेला ओटीपी. पहिल्यांदा अडलं, कारण कर्जाच्या कागदावर माझा जुना नंबर होता. ओळख पटवायला आणखी प्रश्न आले, वीस मिनिटं गेली. फुकटचा रिपोर्ट कुठे आहे ते शोधावं लागतं, आधी डोळ्यांसमोर पैसे भरायच्या योजनाच येतात. रिपोर्ट सगळा इंग्रजीत. पुतण्या नसता तर मी दुसऱ्या पानावरच बंद केला असता. मराठीत सही करून कर्जाला जामीन राहिलेल्या बाईला तिचा हिशेब मराठीत मिळायला हवा. या सोयीला द्यायच्या पाच ताऱ्यांतला एक तारा मी यासाठी कापते, आणि मनापासून कापते.

पण तिसऱ्या पानावर यांची स्कूटर होती. माझ्या नावापुढे "जामीनदार", खात्याची स्थिती "बंद", शिल्लक शून्य, बंद झाल्याची तारीख नोव्हेंबर २०२०. खाली महिन्यांचे चौकोन असतात, हप्ता किती दिवस उशिरा भरला ते त्यात लिहिलेलं असतं. चोवीस चौकोन, चोवीसही चौकोनांत शून्य. २०२० च्या मार्चपासून ऑगस्टपर्यंत हप्ते पुढे ढकलायची सवलत होती, ती यांनी घेतली नव्हती. कर्ज ठरल्या महिन्यातच संपलं होतं. मी ते पान छापून आणलं आणि यांच्या फोटोमागे ठेवलं.

दुसऱ्या दिवशी परत फोन आला. मी विचारलं, कर्जखात्याचा नंबर सांगा, कंपनीचं नाव सांगा, वसुलीसाठी तुम्हाला नेमल्याचं पत्र आणि ओळखपत्र पाठवा. तो ओरडायला लागला. मी म्हटलं, माझ्यासमोर रिपोर्ट आहे, खातं नोव्हेंबर २०२० ला बंद आहे, तुमच्याकडे काय आहे ते वाचून दाखवा. फोन कट. पुन्हा आला नाही.

खरा वसुली एजंट असला तरी त्याला नियम आहेत, हे मला त्या रात्री ठाऊक असतं तर झोप लागली असती. रिझर्व्ह बँकेच्या ऑगस्ट २०२२ च्या आदेशाप्रमाणे थकबाकीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, चारचौघांत अपमान, नातेवाइकांना त्रास, यातलं काहीच चालत नाही. मला पहिला फोन आला तोच पावणेआठला! आणि नवऱ्याचं कर्ज बायकोच्या डोक्यावर आपोआप येत नाही. सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही असेल तर येतं, नाहीतर वारसाहक्काने जे हाती आलं तेवढ्यापुरतंच.

तो नंबर आणि नोटिशीचा फोटो पुतण्याने सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर "चक्षु" या विभागात नोंदवला. पैसे गेले नसतील, नुसता फसवा फोन किंवा मेसेज आला असेल, तर तो तिथे कळवायचा. पैसे गेले असतील तर मात्र ताबडतोब १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, कारण लवकर कळलं तर रक्कम पुढच्या खात्यांत जाण्याआधी रोखता येते. आणि खरी बँक किंवा वित्तकंपनीच त्रास देत असेल तर आधी तिच्याकडे लेखी तक्रार, ३० दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्याला फी नाही.

रिपोर्टवर एवढा विश्वास टाकताना त्यात काय दिसत नाही तेही सांगायला हवं. खाजगी सावकाराचे पैसे त्यात नसतात. आपल्याकडच्या सगळ्या पतसंस्थांची नोंद येतेच असं नाही. त्यामुळे पतसंस्थेचं कर्ज असेल तर शाखेत जाऊन खातेउतारा घ्या, फोनवरच्या माणसावर जाऊ नका. रिपोर्ट काढताना कंपनीच्या संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टाइप करा, मेसेजमधल्या लिंकवरून जाऊ नका. आणि तो कुणाला व्हॉट्सॲपवर पाठवू नका, त्यात पत्ता, पॅन सगळं असतं.

पाचपैकी चार तारे.

माझ्याकडे चपात्या लाटायला दोघीजणी येतात. माझं पाहून त्यांनीही रिपोर्ट काढला. एकीचा स्वच्छ निघाला. दुसरीच्या नावावर ३०,००० चं गटकर्ज दिसलं, तीन महिने थकलेलं. त्या गटात ती कधी बसलीच नव्हती. आधार आणि फोटो मात्र दोन वर्षांपूर्वी "कर्ज मंजूर झालं तर बघू" म्हणून एका बाईकडे दिले होते. ती रडायलाच लागली. दुकान बंद करून आम्ही रिपोर्टवरच हरकत नोंदवली, आणि ज्या कंपनीचं कर्ज दिसत होतं तिलाही लेखी कळवलं. ३० दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. आज अठरावा दिवस. तक्रारीचा नंबर आम्ही पिठाच्या डब्यावर चिकटवून ठेवलाय, आणि रोज दुपारी ती फोन उघडून बघते.