लिनक्स कर्नलमध्ये टायमर व्हील की एचआरटायमर?
टीसीपीचं (इंटरनेटवर डेटा खात्रीने पोचवण्याची पद्धत) पॅकेट पाठवलं की कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, टायमर लावतो. पोच आली नाही तर पुन्हा पाठवायचं. बहुतेक वेळा पोच येते आणि टायमर वाजण्याआधीच रद्द होतो. अशा कामाला टायमर व्हीलच हवं, म्हणजे मुदतीनुसार टायमर कप्प्यांत ठेवणारी रचना. कप्प्यात टाकलं, काढलं, झालं. टायमर हजार असोत की लाख, खर्च तेवढाच. अचूकता मात्र जिफीपुरती, म्हणजे कर्नलच्या घड्याळाच्या एका ठोक्यापुरती: एचझेड (सेकंदाला किती ठोके) २५० असेल तर ४ मिलिसेकंद. कर्नलच्या २०१६ च्या ४.८ आवृत्तीपासून लांबच्या मुदती मुद्दाम ढोबळ कप्प्यांत जातात. मला हे पटतं. ३० सेकंदांची मुदत जरा उशिरा संपली तर काय बिघडतं?

नॅनोस्लीपला, म्हणजे प्रोग्रॅमला नेमक्या वेळेपुरतं थांबवणाऱ्या कॉलला, हे चालत नाही. तिथे कर्नलच्या २.६.१६ आवृत्तीत आलेला एचआरटायमर (हाय-रिझोल्यूशन, म्हणजे जास्त अचूक टायमर): नॅनोसेकंदांचा हिशोब, आणि टायमर वेळेच्या क्रमाने ठेवणारी झाडासारखी रचना, रेड-ब्लॅक ट्री. पण टायमरांची गर्दी वाढली की घालणं-काढणं महाग पडतं. ड्रायव्हरच्या (उपकरण चालवणाऱ्या कोडच्या) साध्या टाइमआउटला तो लावू नका.