कार्बन फायबरचा कॅलिपर : आठ महिने वापरल्यावर

डाव्या पायाला पोलिओ. चाळीस वर्षं लोखंडी कॅलिपर घातला. मांडीपासून बुटापर्यंत दोन पट्ट्या आणि गुडघ्याला कुलूप. नागपुरात बर्डीहून सिटीबसमध्ये चढलो की आधी पँटवरून चाचपून कुलपाची कडी वर ओढायची, म्हणजे गुडघा वाकायचा, मगच बसायचं. वाण्याच्या काट्यावर तोलला तर बुटासकट सव्वादोन किलो भरला!

नोव्हेंबरपासून गुडघ्याखालचा, कार्बन फायबरचा वापरतोय. ४३० ग्रॅम, कुलूप नाहीच. नडगीवर पुढून कवच येतं. पाऊल टेकून भार पडला की ते नडगीला मागे रेटतं आणि गुडघा सरळ राहतो. चालताना मांडी हाताने दाबायची जन्माची सवय होती. आता त्या हातात भाजीची पिशवी असते. मात्र गुडघा पूर्ण सरळ होत असेल तरच हा चालतो, ते डॉक्टरांकडून आधी तपासून घ्या.

कल्पना जुनीच आहे. अग्नी क्षेपणास्त्रासाठी बनवलेला हलका पदार्थ हैदराबादच्या निम्स रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांनी पाहिला आणि कलामांच्या टीमने मुलांचे तीन किलोंवरचे कॅलिपर ३०० ग्रॅमवर आणले. आपल्या नागपूरच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात बोइंग ७८७ विमानाचे फ्लोअर बीम (जमिनीखालच्या तुळया) बनले, ते माझ्या कॅलिपरसारखे कार्बन फायबरचेच.

आता रडगाणं. पहिल्या वेळी प्लास्टरचा साचा घाईत घेतला गेला आणि आठवड्यात नडगीवर फोड. प्लास्टिकचा असता तर हीट गनने तापवून फुगवला असता, लोखंडाचा असता तर कोणीही ठोकून वाकवला असता. हा भट्टीतून कडक होऊन आला की फार तर कडा घासता येतात. अख्खा दुसरा करावा लागला, तोवर दीड महिना पुन्हा लोखंड. म्हणून साचा घेताना लाजू नका राजेहो, जिथे टोचतं तिथे पेनाने खूण करायला लावा.

मे महिन्यात तर हाल झाले. कार्बन घाम पीत नाही. दुपारी सुती मोजा बदलला नाही की पुरळ ठरलेलं. सेमिनरी हिल्सच्या उतारावर घोटा वाकत नाही, गुडघा पुढे लोटला जातो, तिथे काठी लागते. वेल्क्रो सहा महिन्यांत गेला, मोच्याने नवा शिवून दिला. कार्बनवर अजून ओरखडासुद्धा नाही.

बूट मात्र दोन जोड लागतात : डावा सात नंबर, उजवा आठ. उजव्या पायाला पोलिओ असलेला याच मापाचा कोणी असेल तर सांगा, उरलेला जोड कोराच पडून आहे.