दोन मोलेक्स ते सहा पिन अडॅप्टर: घ्यावा, पण बघून

कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायला ग्राफिक्स कार्डासाठीची सहा पिनची वायर नसेल तर हा अडॅप्टर खरंच कामाला येतो, पण दोन मोलेक्सवालाच (मोलेक्स म्हणजे जुना, मोठा चार पिनचा प्लग) घ्या. सहा पिनला ७५ वॅट, म्हणजे १२ व्होल्टवर ६.२५ अँपिअर धरावे लागतात. साटाच्या (हार्ड डिस्कला वीज देणारा चपटा प्लग) तीन १२ व्होल्ट पिना मिळून ४.५ अँपिअर, म्हणजे ५४ वॅटच झेपतात. एका साटावरचा अडॅप्टर वितळू शकतो, फुकटातही नको. दोन्ही मोलेक्स सप्लायमधून निघणाऱ्या वेगवेगळ्या वायरींवर लावा, नाहीतर सगळा भार एकीवरच येतो. वायर १८ गेजची हवी. लावताना पिन मागे सरकत नाही ना, ते बघा. ढिली पिन तापते आणि भोवतीचं पांढरं प्लास्टिक आधी पिवळट, मग काळं पडतं. आठ पिनच्या १५० वॅटसाठी मात्र सप्लायच बदला.